हौद्यावरचं गुंडाळीचं कव्हर: पाणी नेमकं येतं कुठून?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीला राहतो. यंदा फोर्डचा एफ-१५० घेतला. गणपतीत मंडळाचं मखर, सतरंज्या आणि लाइटच्या माळा हौद्यात घालून निघालो आणि वाटेत पावसाने गाठलं. सगळं सामान चिंब झालं. आता हौद्यावर गुंडाळता येणारं मऊ कव्हर घ्यायचं मनात आहे. दुकानदार बसवण्याचे वेगळे पैसे मागतो. घरी बसवता येईल का? पाऊस खरंच थांबतो का? पेट्रोल वाचतं म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि कव्हर चांगलं निघालं की नाही, हे कसं पारखायचं?
— एक वाचक, केटी, टेक्सस

उत्तर : पावसाचं आधी सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. ह्यूस्टनला वर्षाकाठी सुमारे ५० इंच पाऊस पडतो आणि तो पडतो तेव्हा धो धो पडतो. या पावसात मऊ कव्हराखालचं सामान वापरण्याजोगं कोरडं राहतं. मात्र हौदा डब्यासारखा बंद होत नाही आणि प्रामाणिक कंपन्या तसा दावाही करत नाहीत. कव्हराचं कापड पॉलिएस्टरचं असतं आणि त्यावर व्हिनाइलचा थर असतो. त्यातून पाणी झिरपत नाही. पाणी येतं ते कडेने: पुढे कव्हर कॅबमागच्या भिंतीवर टेकतं तिथून, दोन्ही बाजूंच्या रेलखालून आणि सगळ्यात जास्त मागच्या फाळक्याच्या फटींतून. ऊन असताना कव्हर लावून, फाळका बंद करून कुणाला तरी आत बसवा. फाळक्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली बिजागरांपाशी उजेडाच्या उभ्या-आडव्या रेघा दिसतील. उजेड येतो तिथून पाणीही येणार. पिकअपचा हौदा मुळात उघडा राहण्यासाठीच बनवलेला असतो; पाणी आत यावं आणि निघूनही जावं अशीच त्याची रचना असते. म्हणून लोक ज्या गळतीसाठी कव्हराला नावं ठेवतात, ती पुष्कळदा फाळक्याची तरी असते, नाहीतर बसवण्यातली. कव्हर कोणत्या कंपनीचं, यापेक्षा ते कसं बसलं यावर जास्त अवलंबून असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे तुम्ही स्वतः हात घालताय हे उत्तमच. दुकानातल्या माणसाला पुढची गाडी घ्यायची असते. तुम्हाला घाई नाही.

विकत घेताना पहिलं काम मोजमापाचं. एफ-१५० चे हौदे साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी येतात. साडेपाच फुटी हौद्याची आतली लांबी ६७.१ इंच भरते. कव्हर एकेका हौद्यासाठी, मॉडेलच्या वर्षानुसार बनतं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं कुणी म्हणालं तर ते घेऊ नका. किंमत साधारण ३०० ते ५०० डॉलर पडते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची कडक गुंडाळी हवी असेल तर दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. त्याच पार्सलमध्ये फाळक्याची रबरपट्टी वेगळी मागवा. ती बहुतेक कव्हरांबरोबर येत नाही आणि तिच्याशिवाय बाकीचा खटाटोप अर्धाच राहतो.

आता बसवण्याकडे वळू. पत्र्याला भोक पाडावं लागत नाही. दोन बाजूंना दोन ॲल्युमिनियमच्या रेल असतात आणि त्या क्लॅम्पने हौद्याच्या आतल्या ओठाला घट्ट धरल्या जातात. मोजपट्टी, रॅचेटचा पाना आणि मदतीला एक माणूस एवढं पुरतं. आधी हौद्यात काय बसवलेलं आहे ते बघा. फवारलेलं अस्तर असेल तर प्रश्नच नाही. डीलरने प्लास्टिकचा सुटा साचा टाकून दिला असेल, तर क्लॅम्प जिथे बसणार तिथे तो कापून घ्यावा लागतो. क्लॅम्पचा जबडा पत्र्यालाच चावला पाहिजे. प्लास्टिक उन्हात मऊ पडतं आणि मग क्लॅम्प सैल होतो.

कव्हर खोक्यातून काढून ड्राइव्हवेवर उलगडा आणि तासभर उन्हात पडू द्या. व्हिनाइल गारठ्यात आकसतं, ताठ होतं. थंड कापड ओढून बसवायला गेलात तर फाळक्यापर्यंत पोचतच नाही आणि मग लोक कंपनीला फोन लावतात. टेक्ससमध्ये ही अडचण डिसेंबर-जानेवारीपुरतीच. मिशिगन किंवा मिनेसोटातल्या वाचकांनी मात्र हे काम उन्हाळ्यातच उरकावं.

रेल ठेवताना तिच्या खालची रबरी पट्टी हौद्याच्या कडेवर सपाट बसली का, हे बोट फिरवून पाहा. रेल पुढे भिंतीपर्यंत सरकवा, क्लॅम्प लावा, पण नुसत्या हाताने आवळा. इथे घाई करू नका. मोजपट्टी घेऊन दोन रेलमधलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे असं तीन ठिकाणी घ्या. तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. बहुधा मधला आकडा कमी येतो, कारण हौद्याची बाजू पातळ पत्र्याची असते आणि मधला क्लॅम्प जास्त आवळला की ती आत ओढली जाते. २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तेव्हा पान्यावर जोर काढून तर मुळीच चालणार नाही. माहितीपत्रकात सांगितलंय तेवढंच आवळायचं.

मग गुंडाळी पुढच्या बाजूला ठेवायची. ती डावी-उजवीकडे बरोब्बर मध्यभागी हवी आणि पुढचा रबरी ओठ भिंतीच्या कडेवर सलग टेकलेला हवा. पुढे पाव इंच तिरकं बसलं तर कापड मागे येईपर्यंत त्याला रेलवर धरणारा एका बाजूचा व्हेल्क्रो रेलवरून निम्मा बाहेर जातो. त्याच बाजूने पुढे पाणी शिरतं. तिरकेपणा दिसला तर मागून कापड ओढून जुळवू नका. पुढे जाऊन बोल्ट सैल करा आणि पुन्हा मांडा. कंटाळवाणं आहे, पण सगळी मेहनत इथेच कामी येते. शेवटी कव्हर उलगडून मागचा खटका दोन्ही बाजूंनी अडकला की ताण लावा. ताण कमी पडला तर कापड जुन्या नवारीच्या पलंगासारखं मध्ये झोळ धरतं आणि त्यात पाणी साचतं. सगळं जुळलं की क्लॅम्प माहितीपत्रकाप्रमाणे पूर्ण आवळा, आणि आठवडाभर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. थोडेफार सैल झालेले असतातच. नव्या कापडावरच्या घडीच्या सुरकुत्या उन्हाने आपोआप जातात, त्यासाठी इस्त्री किंवा हेअर ड्रायर चालवू नका.

फाळक्याची रबरपट्टी चिकटवण्याआधी पत्रा रबिंग अल्कोहोलने पुसा. नव्या गाडीवरही मेणाचा थर असतो आणि त्यावर चिकटपट्टी धरत नाही. चिकटवल्यावर एक दिवस गाडी धुऊ नका. ही पट्टी धुळीसाठीही हवी. कच्च्या रस्त्यावर धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उधळलेली धूळ फाळक्याच्या फटींतून आत ओढली जाते. कव्हर घट्ट बंद असूनही सामानावर पिठासारखी धूळ का बसते, असं पुष्कळ जण विचारतात, त्याचं कारण हेच.

पारख करायला पावसाची वाट बघायची गरज नाही. हौद्यात जुनी वर्तमानपत्रं पसरा, कव्हर लावा आणि बागेच्या नळीने पाऊस पडावा तसं वरून पाणी सोडा. आधी फक्त पुढच्या बाजूला पाच मिनिटं, मग उघडून बघा. नंतर एकेक बाजू आणि शेवटी फाळका. असं तुकड्यातुकड्याने केलं की पाणी नेमकं कुठून येतंय ते कागदच दाखवतो. मागच्या दोन कोपऱ्यांत थोडे थेंब आले तर हरकत नाही. पुढच्या बाजूचा कागद भिजला तर मात्र बसवण्यात चूक आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. प्रेशर वॉशर मारून तपासू नका. त्या धारेपुढे कुठलीही रबरपट्टी टिकत नाही. कार वॉशमध्येही हाच त्रास होतो.

दुसरी परीक्षा हायवेवर. पासष्ट-सत्तरच्या वेगाला आरशात बघितलं तर कापड थोडं वर फुगलेलं दिसेल. वरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी असतो, म्हणून ते उचललं जातं. तेवढं चालतं. फडफड ऐकू आली किंवा कडा सुटत असल्या, तर ताण वाढवा. कव्हर गुंडाळून गाडी चालवायची असेल तेव्हा पुढे पट्ट्यांनी बांधल्याशिवाय निघू नका. अर्धवट गुंडाळलेलं, न बांधलेलं कव्हर वाऱ्याने उलगडून मागच्या गाडीवर जाऊ शकतं.

आणि तिसरी परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते: एका हाताने कव्हर उघडता येतं का? दुसऱ्या हातात पिशवी असताना उघडता-लावता येत नसेल तर महिन्याभरात तुम्ही ते लावणंच सोडाल. दुकानात मांडलेल्या नमुन्यावर खटका स्वतः चार वेळा उघडून बघा आणि मगच पैसे द्या.

आता पेट्रोल. उघड्या हौद्यात हवेचा भोवरा अडकतो आणि वरची हवा त्यावरून सरकत जाते. त्यामुळे फाळका उघडा टाकून चालवल्याने पेट्रोल वाचतं ही समजूत चुकीची आहे. ‘मिथबस्टर्स’ या कार्यक्रमानेही गाड्या चालवून तेच दाखवलं होतं. कव्हराने हवेचा विरोध थोडा कमी होतो, पण हिशेब मांडून बघा. वर्षाला बारा हजार मैल, गॅलनला वीस मैल, म्हणजे ६०० गॅलन. उदार मनाने दोन टक्के वाचले असं धरलं तरी १२ गॅलन. तीन डॉलर भावाने ३६ डॉलर झाले. चारशे डॉलरचं कव्हर वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील आणि तुमच्या उन्हात कापड तितकं टिकणार नाही. पेट्रोलसाठी कव्हर घेऊ नका.

चोरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो. मऊ कव्हर नजरेआड ठेवतं, कुलूप लावत नाही. ते सुरीने कापलं जातं. फाळक्याला मात्र न चुकता कुलूप लावा, कारण कव्हराचा खटका फाळका उघडल्यावरच हाताला लागतो. लॅपटॉप, पर्स कॅबमध्येच ठेवा. उन्हाळ्यात दूध-आइस्क्रीमही कॅबमध्येच, काळ्या कापडाखाली हौदा भट्टीसारखा तापतो.

निगा फारशी नाही. साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि वर्षातून दोन-तीन वेळा व्हिनाइलला ऊन लागू न देणारं द्रावण. पेट्रोलियमचं पॉलिश लावू नका. व्हेल्क्रोत माती आणि पालापाचोळा अडकतो, तो ब्रशने काढा. नाहीतर व्हेल्क्रो धरायचा थांबतो आणि माणूस कव्हरालाच दोष देतो.

तुमच्या वापराला मऊ कव्हर पुरेसं आहे. कडक गुंडाळीवर हजारभर डॉलर घालवण्याचं कारण मला दिसत नाही. मखर मात्र बाजूच्या कठड्यापेक्षा उंच असेल, तर कव्हर गुंडाळून ताडपत्रीच बांधावी लागेल.

प्रश्न : माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस आहे. अमेरिकेतून असं कव्हर मागवलं तर बसेल का? की आपली ताडपत्रीच बरी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अमेरिकेतलं मागवू नका. ही गाडी तिथे विकली जात नाही, त्यामुळे तिथल्या कव्हरांचं माप तिला लागणार नाही. थायलंड आणि ऑस्ट्रेलियात ती भरपूर चालते; तिकडच्या मापाची कव्हरं आणि रोलर शटर मिळतात. हिलक्सवाल्यांनाही हेच लागू आहे. शेतीचा माल, कोबीची पोती, कडबा असं कठड्याच्या वर जाणारं भरत असाल तर ताडपत्री आणि दोरी यांना तोड नाही, कव्हर नुसतं पुढे गुंडाळून पडून राहील. अवजारं, प्रवासाच्या बॅगा, दुकानाचा माल असं कठड्याखाली मावणारं नेत असाल तरच कव्हर घ्या. ऑर्डर देण्यापूर्वी गाडीचं वर्ष, कॅबचा प्रकार आणि हौद्याची आतली लांबी-रुंदी दुकानदाराला लेखी कळवा आणि बसलं नाही तर परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या.