अडथळ्यांची वाट

अहिल्यानगर शहर २०२४ सालापर्यंत अहमदनगर या नावाने ओळखले जात असे. या शहराच्या पूर्वेस एक बळकट भुईकोट किल्ला आहे. भोवती रुंद खंदक आणि खंदकापलीकडे उंच दगडी तट, असे त्याचे रूप आहे. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुराद याच्या मोगल सैन्याने या किल्ल्यास वेढा घातला. सुरुंगाने तटास खिंडार पडले. तेव्हा चांदबिबी हाती तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली आणि तिने रातोरात पडलेला तट बांधून घेतला. शत्रूला आत शिरता आले नाही. १५९६ साली वऱ्हाड प्रांत देऊन तह झाला. परंतु किल्ला त्या वेळी वाचला.

काळ बदलला, शस्त्रे बदलली. तरी या नगरीचे सैनिकी वळण कायम राहिले. चिलखती दलाचे प्रशिक्षण १९४८ साली येथे एकत्र आले. १९७९ साली यांत्रिक पायदळाची रेजिमेंट उभी राहिली. तिचेही केंद्र येथेच आहे. खेड्यापाड्यांतून आलेले तरुण येथे सैनिक होतात. मात्र रणगाड्याच्या युगातही सैनिकाला प्रथम आपल्या हातापायांवरच विश्वास ठेवावयास शिकावे लागते. त्यासाठी सैन्यात एक खास वाट आखलेली असते. तिला ‘ऑब्स्टॅकल कोर्स’, म्हणजे अडथळ्यांची वाट, म्हणतात.

या वाटेकडे नीट पाहिले, तर तो एक लहानसा किल्लाच वाटतो. उडी मारून ओलांडावयाचा खड्डा म्हणजे खंदक. चढून जावयाची भिंत म्हणजे तट. आणि तोल सांभाळीत चालावयाची अरुंद फळी म्हणजे जणू खंदकावरचा पूल! भेद इतकाच की, येथे भिंतीच्या माथ्यावर शत्रू नसतो. शत्रू असतो तो चढणाऱ्याच्या मनात.

ही वाट केवळ सैनिकांसाठीच आहे, असे नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेतील विद्यार्थ्यांवर सैन्यात जाण्याचे बंधन नसते. तरीही छात्रसेनेच्या प्रशिक्षणात अडथळ्यांची वाट असते. तीत सुमारे सहा फूट उंचीची एक भिंत असते. प्रथमच तिच्यासमोर येणारा विद्यार्थी बहुधा धावत येतो आणि ऐन भिंतीपाशी थबकतो. तेथेच त्याची चूक होते. थांबल्याने धावेतील जोर नाहीसा होतो आणि सारे शरीर केवळ हातांच्या बळावर उचलावे लागते. जो न थबकता एक पाय भिंतीस टेकवून वर झेपावतो, त्याला तीच भिंत ठेंगणी वाटू लागते. फळीवरून चालतानाही दृष्टी पायाखाली न ठेवता पुढच्या टोकाशी ठेवावी लागते. उडीनंतर गुडघे किंचित वाकवून भूमीवर यावे लागते. नाहीतर घोटा मुरगळतो. म्हणून जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीवाचून या वाटेस कोणीही जाऊ नये. अविचार म्हणजे धैर्य नव्हे.

भय केवळ नवशिक्यालाच वाटते, असेही नाही. २००८ साली बीजिंग येथील ऑलिंपिक सामन्यांत अभिनव बिंद्रा यांनी नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले. वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत. स्पर्धेपूर्वी काही दिवस ते जर्मनीत होते. तेथे विशेष सैनिकी दलांच्या सरावातील सुमारे चाळीस फूट उंचीचा एक खांब चढून जाण्याचे त्यांनी ठरविले. त्यांना उंचीचे भय वाटे. मध्यावर आल्यावर परत फिरावे, असे त्यांच्या मनात आले. तरी ते माथ्यापर्यंत गेले. नेमबाजाला खांब चढावा लागत नाही, हे खरे. पण अखेरच्या गोळीच्या वेळी मन स्थिर ठेवावे लागते. भय वाटत असतानाही हातातील काम पुरे करण्याचा तो अभ्यास होता.

तथापि एकदा भिंत ओलांडली म्हणजे आपण कमांडो झालो, असा भ्रम बाळगणे योग्य नव्हे. विद्यार्थी ही वाट विश्रांती घेऊन, मोकळ्या अंगाने चालतो. विशेष दलात जाऊ इच्छिणारा जवान मात्र पाठीवर ओझे आणि हाती शस्त्र घेऊन, अपुऱ्या झोपेत, महिनेन् महिने अशा परीक्षा देत असतो. पुष्कळजण मध्येच मागे पडतात. एक भिंत चढून जो दमला, त्याला त्या जवानाच्या कष्टांची थोडीशी तरी कल्पना येते, आणि त्याच्याविषयीचा आदर अधिक खरा होतो.

मग सामान्य नागरिकाने हे श्रम का करावेत? जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने याचे उत्तर दिले आहे. १९०२ साली मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला आणि सेंट पिएर हे शहर उद्ध्वस्त झाले. त्या आपत्तीत सुमारे ७०० माणसांना वाचविण्याच्या कामी एबेर झटले. पुढे त्यांनी धावणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, ओझे वाहणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती घडविली. ‘उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा’, हे तिचे ब्रीद होते.

पूर आला, आग लागली, घर कोसळले, तर भिंत ओलांडता येणारा माणूस दुसऱ्याला हात देऊ शकतो. ज्याला स्वतःचाच भार उचलत नाही, तो इतरांचा काय उचलणार? चांदबिबी खिंडारात उभी राहिली ती आपले बळ मिरविण्यासाठी नव्हे. तिच्या पाठीशी एक नगर होते. भिंत राखणाऱ्याचे असो वा ओलांडणाऱ्याचे, सामर्थ्य शोभते ते अशा कामी आल्यावरच.

स्वाध्याय

१. अडथळ्यांच्या वाटेला लहानसा किल्ला का म्हटले आहे?
२. भिंतीपाशी थबकण्यात विद्यार्थ्याची कोणती चूक होते?
३. ‘अविचार म्हणजे धैर्य नव्हे’, हे विधान स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.