वाहन मागे टाकण्याचे नियम व शेतकऱ्यांचे कर्तव्य

शेतात पीक उत्तम आणणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते पीक व ते नेणारा माणूस सुखरूप बाजारी पोचून घरी परत येणे महत्त्वाचे आहे. बी-बियाणे, खते व रोग यांविषयी आमचे शेतकरी बंधू आस्थेने वाचतात. परंतु ज्या रस्त्यावरून रोज जाणे-येणे घडते, त्याच्या नियमांविषयी ते बहुधा उदासीन असतात. यास्तव पुढील वाहनास मागे टाकून आपले वाहन पुढे काढणे, ज्यास सर्वत्र ‘ओव्हरटेक’ म्हणतात, त्या क्रियेचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे या गावाचे उदाहरण घेऊ. हा मुलूख भातखाचरांचा. आता तळेगावची औद्योगिक वसाहत नवलाख उंबरे, आंबी, मंगरूळ या गावांच्या शिवारात पसरली आहे. त्यामुळे कारखान्यांचे कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, दुचाक्या आणि आमचे ट्रॅक्टर ही सारी वाहने एकाच रस्त्याने चालतात. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. पण त्यावर ट्रॅक्टर, बैलगाडी व दुचाकी यांस मज्जाव आहे. अर्थात शेतकऱ्याच्या वाट्यास जुना महामार्ग व गावोगावचे रस्ते येतात, आणि गावच्या रस्त्यांस बहुधा दुभाजक नसतो. जेथे एकाचा वेग ताशी २० किलोमीटर व दुसऱ्याचा ६०, तेथे मागे टाकण्याचे प्रसंग पावलोपावली येणारच.

या कामास किती मोकळा रस्ता लागतो, याचा हिशेब पुष्कळांनी कधी केलेला नसतो. समजा, दोन ट्रॉल्या जोडलेला सुमारे १५ मीटर लांबीचा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहे व मागील दुचाकीस्वार ताशी ४० च्या वेगाने त्यास मागे टाकू पाहतो. ट्रॅक्टरची लांबी, दुचाकीची लांबी आणि मागे-पुढे सोडावयाचे दहा-दहा मीटर अंतर मिळून ३७ मीटरची आघाडी त्यास घ्यावी लागते. दोघांच्या वेगातील फरक ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदास साडेपाच मीटर. सबब या कामास सुमारे ७ सेकंद लागतात. तेवढ्यात दुचाकी ७५ ते ८० मीटर जाते, आणि समोरून ताशी ६० च्या वेगाने येणारा ट्रक सुमारे ११५ मीटर जवळ येतो. म्हणजे निदान २०० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. वीस गुंठ्यांचे चौकोन एका ओळीत मांडले असता होईल, तितके हे अंतर आहे. आणि यात चुकीस जागा मुळीच ठेवलेली नाही. म्हणून याहून बराच अधिक रस्ता दिसल्याखेरीज बाहेर पडू नये.

आता याच वेळी ट्रॅक्टरवाल्याने ईर्ष्येने वेग ताशी ३० केला, तर ७ सेकंदांचे १३ सेकंद होतात व लागणारा रस्ता ३७० मीटरच्या घरात जातो. दुसऱ्याची वाट न सोडणे हा मर्दपणा नव्हे. तो परक्याच्या जिवाशी मांडलेला खेळ होय. मागील वाहन पुढे जात असता आपला वेग वाढवू नये व त्यास अडथळा करू नये, असा नियमच आहे.

केंद्र सरकारने १९८९ चे रस्त्याचे विनियम बाजूस सारून २०१७ साली नवे वाहनचालन विनियम केले. त्यांतील व व्यवहारातील मुख्य गोष्टी अशा :

(१) पुढील वाहनास उजव्या बाजूनेच मागे टाकावे. तो चालक उजवीकडे वळण्याची खूण करून रस्त्याच्या मध्याकडे सरला असेल, तरच डावीकडून जाण्यास हरकत नाही.

(२) वळण, चढाचा माथा, अरुंद पूल, चौक व पादचाऱ्यांचे पट्टे यांपाशी, तसेच समोरचे दिसत नसेल तेथे, मागे टाकू नये. मावळातील पावसाळी धुके हेही याच सदरात येते.

(३) मध्यभागी अखंड पट्टा असेल तर तो ओलांडू नये.

(४) आरशात पाहून, दिव्याने इशारा देऊन मगच बाहेर पडावे. मागील कोणी आपणांस आधीच मागे टाकू लागला असेल तर थांबावे.

(५) पुढे गेल्यावर, मागे टाकलेले वाहन आरशात पूर्ण दिसल्याशिवाय डावीकडे येऊ नये.

(६) पुढील ट्रकचा उजवा दिवा लुकलुकला म्हणजे ‘पुढे जा’ असा अर्थ पुष्कळजण करतात. तोच दिवा उजवीकडे वळण्याचाही असतो. दुसऱ्याच्या दिव्यावर नव्हे, आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा.

(७) बैलगाडीजवळ कर्कश कर्णा वाजवू नये. बैल बुजले तर ते कोणीकडे वळतील याचा नेम नसतो.

नियमाविरुद्ध मागे टाकणे हे २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे धरले आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

परंतु मागे टाकणाऱ्यासच दोष देऊन आमचे कर्तव्य संपत नाही. मागे टाकले जाणारे वाहन बहुधा आमचेच असते. ट्रॉलीस मागील दिवा नाही, पेंढा दोन्ही बाजूंस लोंबतो आहे, आणि चिखलणीच्या लोखंडी चाकांनी आणलेला चिखल सडकेवर पसरला आहे, अशा स्थितीत सावध चालकही फसतो. पेंढ्याने रुंदावलेली गाडी पुढचा रस्ता झाकते. दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसतच नाही. आणि चिखलावर दुचाकी घसरते. यास उपाय स्वस्त आहेत. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्या, दिवे चालू ठेवावे, भार बाजूंच्या बाहेर जाऊ देऊ नये, सडकेवर येण्यापूर्वी चाकांचा चिखल काढावा, आणि मागे वाहनांची रांग साचली तर सोयीची जागा पाहून डावीकडे थांबून ती जाऊ द्यावी. यात दोन मिनिटे जातात, परंतु मागील दहाजणांची उतावीळ निवते.

आमची सूचना अशी आहे की, भाताची कापणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावातील सभासदांनी एक दिवस ठरवून आपापल्या ट्रॉल्यांचे दिवे व पट्ट्या तपासाव्या, आणि घरातील दुचाकी चालविणाऱ्या तरुण मुलांस वरील २०० मीटरचा हिशेब रस्त्यावर उभे करून प्रत्यक्ष पावलांनी मोजून दाखवावा. अंतर एकदा पायांखालून गेले म्हणजे ते डोळ्यांस ओळखू येऊ लागते.