खेळाडूचे कॉलेज आणि चोवीस तासांचा हिशेब

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावातील एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. दहावी झाली आहे, १५०० मीटर चांगली धावते. आता कॉलेज कोठले? जवळचे भोर, की पुणे?

प्रथम तिची शक्ती मोजू. तिचे वजन ५० किलो आणि गडाचा चढ ६०० मीटर धरा. ५० × ९.८ × ६०० म्हणजे २,९४,००० जूल, अर्थात सुमारे ७० किलोकॅलरी कार्य झाले. पण स्नायू ऊर्जेचा जेमतेम पाव भाग कार्यात आणतात. बाकीची उष्णता होते. म्हणून खरा खर्च २८० किलोकॅलरींच्या आसपास. डोंगरातल्या विरळ हवेने दम वाढतो असे लोक म्हणतात, ते येथे लागू नाही. विरळ हवेतला सराव साधारण २००० मीटरच्या वर करतात. राजगडाचा माथाच १३७६ मीटरवर आहे. तिचा दम रोजच्या चढउताराने कमावलेला आहे, आणि सराव पूर्ण थांबला तर दोन ते चार आठवड्यांत तो उतरू लागतो.

आता दिवस मोजू. पुण्याला रोज जाऊन-येऊन एसटीचे पाच तास धरले, वर्ग सहा, सराव दोन, अभ्यास तीन, जेवणखाण व घरकाम तीन. बेरीज १९. झोपेला उरले पाच! या वयात आठ ते दहा तास झोप लागते. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते आणि सरावाने शिणलेले स्नायू विश्रांतीतच भरून येतात. तेव्हा पुणे हवे असेल तर वसतिगृह हवेच. नाहीतर भोर बरे.

करंडकांच्या कपाटाला भुलू नये. त्यांवरची साले वाचावीत. पुष्कळदा ती जुनी निघतात! माणसे पाहावीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते. अंगाने लहान म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत घेतले नाही. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड मल्ल चीत केले. पुढे हेलसिंकीच्या प्रवासासाठी याच खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक.

म्हणून कॉलेज पाहायला दुपारी कचेरीत न जाता सकाळी सहाला मैदानावर जावे. मार्गदर्शक स्वतः हजर असतात का? स्पर्धेमुळे प्रात्यक्षिक बुडाले तर ते पुन्हा घेतात का? हे तिथल्या खेळाडूंनाच विचारावे. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिके बहुधा दुपारीच असतात आणि संध्याकाळच्या सरावाशी त्यांची गाठ पडते. आणि वसतिगृहाचे फाटक पहाटे किती वाजता उघडते, हेही पहारेकऱ्याला विचारून घ्यावे.