तापणारा मॉनिटर : निदान आणि दुरुस्ती

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके. घोड आणि भीमा या नद्यांचे पाणी लाभले असले, तरी हवामानाने हा प्रदेश पर्जन्यछायेचाच आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो. २०११ साली सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे राज्यातील ग्रामपंचायतींत संगणक पोहोचले आणि दाखले, उतारे, नोंदी ही कामे पडद्यावर होऊ लागली. ऐन दुपारी तो पडदा काळा झाला, की दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास हात हलवीत परतावे लागते.

मॉनिटर साधारणतः ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालावा, अशी मर्यादा उत्पादक घालून देतात. पत्र्याच्या छपराखालील खोलीत ही मर्यादा यंत्र सुरू होण्यापूर्वीच गाठलेली असते. त्यात रस्त्यावरील धूळ, आणि दौंड भागात गुऱ्हाळांची काजळी, मागील झरोक्यांत साचते. धूळ बसू नये म्हणून घातलेले कापडी आच्छादन यंत्र चालू असतानाही पाठीवर लोंबत ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. हेतू चांगला, परंतु त्याने झरोकेच बुजतात.

पाठ कोमट लागणे हा दोष नव्हे. हात ठेववत नाही इतकी ती तापली, किंवा काही वेळाने पडदा विझून थंड झाल्यावर पुन्हा उजळू लागला, तर दोष आहे असे समजावे. जळका वास आल्यास भिंतीवरील बटण तत्काळ बंद करावे. दोष संगणकाचा की मॉनिटरचा, हे ठरविण्यासाठी संगणकाकडून येणारी चित्राची तार काढून पाहावी. मॉनिटर धड असेल, तर संकेत मिळत नसल्याची सूचना पडद्यावर उमटते. ती न उमटल्यास तार पुन्हा जोडून विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. पुसट अक्षरे दिसली, तर चित्र तयार होत आहे. पडद्यामागील प्रकाश तेवढा बंद पडला आहे.

अशा मॉनिटरमध्ये बरेचदा वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटर निकामी झालेले असतात. या लहानशा नळकांड्यांत द्रव असतो. उष्णतेने तो आटतो, माथा फुगतो, कधी तपकिरी गळतीही दिसते. तापमान १० अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते, असा ढोबळ नियम आहे. नवा कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. तो तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, मूळच्यापेक्षा कमी व्होल्टचा नसलेला आणि १०५ अंशांच्या प्रतीचा असावा. ८५ अंशांचा स्वस्त मिळतो म्हणून बसविणे म्हणजे पुढील उन्हाळ्यात तेच काम पुन्हा काढणे होय. धन-ऋण टोके उलट लागल्यास तो फुटू शकतो. तडकलेले सोल्डरिंगही त्याच वेळी तपासून घ्यावे.

हे काम मात्र जाणकार तंत्रज्ञाचेच आहे. घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह आत सुमारे ३२५ व्होल्टवर साठविला जातो आणि पिन काढल्यानंतरही काही काळ तेथे राहतो. जुन्या, काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये हा दाब २० हजार व्होल्टच्याही पुढे असतो. शाळेत प्रात्यक्षिकासाठी तो उघडणे सर्वथा टाळावे. कार्यालयाने स्वतः करावयाचे ते एवढेच : पिन काढून कोरड्या ब्रशने झरोके झाडणे, पाठ भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे, खिडकीतील ऊन पाठीवर येऊ न देणे आणि पडद्याची उजळणी कमी करणे.

दुरुस्त झालेला मॉनिटर सकाळच्या गारव्यात तपासून ताब्यात घेऊ नये. भर दुपारी दोन-तीन तास चालवून मगच देयक मंजूर करावे. पडद्याचे पटलच फुटले असेल, तर दुरुस्ती परवडत नाही. त्या वेळी डेडस्टॉक नोंदवहीतून निर्लेखन करून यंत्र भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पाठवावे. ई-कचऱ्याविषयीचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.