डबा उचलणारा मुकादम

मुकादम हा शब्द परभणी जिल्ह्यात कुणाला शिकवावा लागत नाही. गंगाखेड, सोनपेठ, पालम या बाजूची कितीतरी माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला बाहेर पडतात, ती मुकादमाच्या मागेच. मुकादम उचल देतो. कारखान्याशी तोच बोलतो. हिशेबाची वही त्याच्याजवळ. टोळीनं विचारायचं ते त्याला, आणि तो सांगेल ते खरं.

मुंबईतही मुकादम आहेत. पण तिथल्या एका धंद्यात या शब्दाचा अर्थ थोडा निराळा आहे. तो धंदा आहे डबेवाल्यांचा.

डबेवाले म्हणजे कोण? मुंबईत कचेऱ्या एकीकडे आणि राहती घरं दुसरीकडे, वीस-तीस मैलांवर. माणूस सकाळी लवकर कामाला निघतो. तेव्हा घरी स्वयंपाक झालेला नसतो. मग मागून त्याच्या घरची पोळीभाजी डब्यात घालून कचेरीत पोचवायची, आणि दुपारी रिकामा डबा घरी परत आणायचा. हे काम करणारे ते डबेवाले. महादू हवाजी बच्चे या गृहस्थांनी 1890 साली हा धंदा सुरू केला. पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली ही शेतकरी माणसं. बहुतेक वारकरी. डोक्यावर पांढरी टोपी. शिक्षण बेताचंच. 1956 साली त्यांनी आपल्या संस्थेची रीतसर नोंदणी केली. एक काळ असा होता, की सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत.

आता डब्याचा प्रवास बघा. सकाळी एक गडी घरोघर फिरून तीसेक डबे गोळा करतो. सायकलीवर लादून स्टेशनावर आणतो. तिथं सगळ्यांचे डबे खाली मांडतात आणि कोणता डबा कोणत्या स्टेशनाला जाणार ते पाहून वाटणी होते. मग ते लाकडी पाट्यांत भरून लोकल गाडीत चढवायचे. पाटी भरली म्हणजे साठ किलोच्या घरात जाते, बरं का! उतरल्यावर पुन्हा वाटणी, पुन्हा सायकल किंवा हातगाडी, आणि एक वाजायच्या आत डबा जेवणाऱ्याच्या पुढ्यात. एक डबा तीन-चार जणांच्या हातून जातो. ज्यानं घरून डबा घेतला, त्याला तो कोण खाणार हे ठाऊकही नसतं.

मग चूक कशी होत नाही? एक कारण झाकणावरच्या खुणा. पूर्वी रंगीत दोरे बांधत. पुढं रंगानं अक्षरं आणि आकडे लिहू लागले. डबा कोणत्या भागातून आला, कोणत्या स्टेशनावर उतरायचा, कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर जायचा, हे चार-दोन अक्षरांत मावतं. चार बुकं शिकलेला गडीही ते झटकन वाचतो. तुम्ही आज जेवढं वाचता, तेवढं वाचन तिथं पुरतं.

दुसरं कारण आमच्या मते जास्त मोठं आहे. ते म्हणजे त्यांच्या टोळीची रीत.

टोळी वीस-पंचवीस जणांची. तिला एक मुकादम. तो बाहेरून आलेला साहेब नसतो. वर्षानुवर्षं डबे वाहिलेला गडीच पुढं मुकादम होतो. स्टेशनावर डब्यांची वाटणी करायला तो स्वतः बसतो. एखादा गडी तापानं फणफणला, तर त्याचे डबे कोण उचलणार? मुकादम. गिऱ्हाइकाची तक्रार आली, दोन गड्यांत भांडण झालं, तर तेही त्यानंच मिटवायचं. आणि महिन्याचे पैसे? टोळीचे सगळे पैसे एकत्र करतात. रेल्वेचा पास वगैरे खर्च आधी बाजूला काढतात. उरलेल्याची वाटेकऱ्यांत सारखी वाटणी. नवा गडी आधी पगारावर काम शिकतो, मग पैसे भरून वाटेकरी होतो. म्हणजे तो कुणाचा नोकर राहत नाही.

अशी रीत का पडली असावी? कामच तसं आहे. लोकल गाडी स्टेशनावर अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात जड पाट्या चढवायच्या. "मुकादम, आता काय करू?" असं विचारत बसलं तर गाडी निघून जाईल. म्हणून प्रत्येकाला सगळं काम आलं पाहिजे, आणि जागच्या जागी ठरवता आलं पाहिजे. आम्ही जन्मभर शाळामास्तर. हुकूम सोडायची आम्हाला सवय. पण अर्ध्या मिनिटाच्या गाडीपुढं हुकूम चालत नाही, हे मास्तरांनीही कबूल केलं पाहिजे.

या रीतीत सगळंच गोड आहे असं नाही. त्या धंद्यात बाया फारच थोड्या दिसतात, हे आम्हाला खटकतं. शिवाय सारखा वाटा म्हणजे तुटीतही सारखा वाटा. 2020 च्या मार्चात कोरोनामुळे लोकल बंद झाली, कचेऱ्या बंद झाल्या. हजारो डबेवाले गावी परतले. सगळे काही पुन्हा मुंबईला गेले नाहीत. धंदा आज पूर्वीएवढा राहिलेला नाही.

आता आपल्या टोळीकडं वळू. सगळेच मुकादम वाईट, असं आम्ही म्हणत नाही. पुष्कळसे मुकादम पूर्वी स्वतः कोयता चालवलेलेच असतात. कुणी उचल घेऊन पळाला, तर कारखाना मुकादमाचंच मानगूट धरतो. त्याच्याही डोक्यावर ओझं आहे. पण एक फरक पाहा. डबेवाल्याचा वाटा किती, हे टोळीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. दोघं पहाटे थंडीत फडात उतरतात. हंगाम सरल्यावर मुकादम म्हणतो, "उचल फिटली नाही, अजून एवढे राहिले." एवढे म्हणजे किती, आणि ते कसे, हे वही उघडून कोण दाखवतं? पुष्कळ ठिकाणी कुणीच नाही. मग राहिलेले पैसे पुढच्या साली डोक्यावर. आणि बाईचं नाव तर कैकदा वहीत नसतंच, जरी मोळ्या तिनंच बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेल्या.

गावातल्या बचत गटाला हे लागू नाही का? गटात दहा ते वीस बाया. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ठरलेल्या. काही गटांत पेटी एकीकडे असते नि किल्ली दुसरीकडे, आणि दर बैठकीला हिशेब मोठ्यानं वाचतात. तिथं सगळ्याजणी गट आपला म्हणतात. काही ठिकाणी मात्र लोक "अमक्या बाईचा गट" असंच म्हणतात. त्या बाई आजारी पडल्या की बैठक बंद, कर्जफेड बंद. वही कुणी वाचायची, हे दुसऱ्या कुणाला शिकवलेलंच नसतं.

म्हणून या दिवाळीला उचल घ्याल, तेव्हा दहा रुपयांची एक वही आपलीही ठेवा. पहिल्या पानावर तारीख आणि घेतलेली रक्कम लिहा. नवऱ्याचं नाव आणि बायकोचं नाव, दोन्ही लिहा. मुकादमाच्या वहीतला आकडा वाचा आणि दोन्ही आकडे जुळतात का पाहा. जुळले, तर दोन्ही वह्यांवर दोघांच्या सह्या घ्या. भल्या मुकादमाला यात राग येण्यासारखं काही नाही, उलट त्याचंही भांडण वाचतं. पुढं ऊस कारखान्याच्या काट्यावर जाईल, तेव्हा वजनाची पावती निघते. तिच्यावरचा टनाचा आकडा रोजच्या रोज वहीत उतरवा. ती पावती कशी वाचायची ते पुढच्या पाठात पाहू.