एटीआरच्या उजव्या सीटवर बसण्याआधी : ऑफर लेटर वाचण्याची कृती

गोंदिया, बारामती, धुळे किंवा नागपूरला उड्डाणाचे तास पुरे करून हातात सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना, आले, की घरात पहिला प्रश्न असतो, "पगार किती मिळणार?" प्रश्न रास्त आहे. अनेक घरांनी या प्रशिक्षणासाठी शेतजमीन किंवा राहता फ्लॅट गहाण टाकलेला असतो. पण छोट्या शहरांना जोडणाऱ्या प्रादेशिक विमान कंपनीत रुजू होताना तीन प्रश्न विचारावे लागतात. पगार कधीपासून मिळणार? किती तासांचा मिळणार? आणि मध्येच बाहेर पडायचे झाले तर काय मोजावे लागणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळवायची कशी, त्याची ही कृती.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. किमान 200 तासांचे लॉगबुक, सीपीएल, मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, आरटीआर हा रेडिओ वापरण्याचा परवाना, इंग्रजी भाषेच्या प्रावीण्याचा किमान चौथा स्तर आणि क्लास वन मेडिकल हा मूळ संच. ऑक्टोबर 2023च्या दुरुस्तीनंतर सीपीएलची मुदत 5ऐवजी 10 वर्षे झाली. त्यामुळे काही मुले निर्धास्त होतात आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग व मेडिकल दरवर्षी जिवंत ठेवावे लागते हे विसरतात. मुलाखतीचा फोन येतो तेव्हा रेटिंग संपलेले असते, आणि ते नव्याने करण्यात महिना जातो. विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरचे तुमचे तास आणि लॉगबुकातले तास एकमेकांशी जुळतात ना, हेही आत्ताच पाहा.

दुसरे काम, कोणत्या कंपन्यांकडे अर्ज करायचा ते ठरवणे. एटीआर 72-600 हे जास्तीत जास्त 78 आसनांचे, प्रोपेलर असलेल्या दोन टर्बाइन इंजिनांचे (टर्बोप्रॉप) विमान आहे. अलायन्स एअर ते उडवते, इंडिगोचा स्वतंत्र एटीआर ताफा आहे, आणि मार्च 2024मध्ये मोपाहून सुरू झालेली गोव्याची फ्लाय91 याच विमानावर उभी आहे. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर मात्र एम्ब्रेअरची छोटी जेट वापरते. फरक लक्षात घ्यायला हवा, कारण विमानाचा प्रकार बदलला की टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, पुन्हा करावे लागते. डीजीसीएच्या संकेतस्थळावर परवानाधारक कंपन्यांची यादी असते. त्या यादीत नाव नसलेल्या कुणालाही, "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला तर नक्कीच, एक रुपयाही देऊ नका.

इथे एक मत स्पष्ट मांडतो. नोकरीची लेखी हमी नसताना स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग करून ठेवू नका. तो खर्च अनेक लाखांचा असतो. रेटिंग झाले आणि विमान मिळाले नाही, तर हात बसलेला राहावा म्हणून पुन्हा सिम्युलेटरचे तास विकत घ्यावे लागतात. जाहिरातीत "टाइप रेटेड उमेदवारांना प्राधान्य" असे वाचून घरचे घाबरतात. घाबरू नये. टाइप रेटिंग नसलेल्यांनाही घेतले जाते, फक्त त्यांच्या बॉण्डची, म्हणजे ठरलेल्या काळाआधी नोकरी सोडल्यास द्यायच्या भरपाईची, रक्कम मोठी असते, आणि त्याकडे पुढे येतोच.

निवडीबद्दल फार लिहीत नाही. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरवरची तपासणी, मुलाखत आणि वैद्यकीय पडताळणी हे टप्पे बहुतेक ठिकाणी असतात, क्रम थोडाफार बदलतो. सिम्युलेटरवर परीक्षक पाहतो ते तुमचे इन्स्ट्रुमेंट स्कॅन आणि सूचना ऐकून स्वतःला सुधारण्याची तयारी. त्यासाठी महिनाभर आधीपासून कच्च्या डेटावरचे उड्डाण घोटून ठेवा.

आता खरे काम. ऑफर लेटर हातात आले की कोरा कागद घ्या आणि पगाराचे तीन तुकडे करा : प्रशिक्षणातला स्टायपेंड, लाइन रिलीजनंतरचा (प्रशिक्षकाशिवाय प्रवासी उड्डाणांवर जाण्याची मोकळीक मिळाल्यानंतरचा) स्थिर पगार आणि उड्डाण भत्ता.

उड्डाण भत्ता ब्लॉक तासांवर मिळतो. चाकांखालचे चॉक्स निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक वेळ. प्रादेशिक मार्गांवर इथेच मोठा फरक पडतो. समजा दिवसात चार सेक्टर आहेत, प्रत्येकी 1 तास 10 मिनिटांचे. भत्ता मिळणार 4 तास 40 मिनिटांचा. पण उड्डाणाआधी तासभर रिपोर्टिंग, मधले तीन अर्ध्या-अर्ध्या तासांचे थांबे आणि शेवटी अर्धा तास कागदपत्रे धरली, तर ड्यूटी होते 7 तास 40 मिनिटांची. मुंबई-दिल्ली उडवणाऱ्याला तेवढ्याच ड्यूटीत जास्त ब्लॉक तास पदरात पडतात. त्यामुळे दोन कंपन्यांचा तासाचा दर सारखा दिसला, तरी महिन्याच्या शेवटी रक्कम सारखी नसते.

म्हणून ऑफर लेटरमध्ये "हमीचे तास" शोधा. महिन्यात विमान कमी उडाले तरी किमान किती तासांचा भत्ता मिळणार, ते तिथे लिहिलेले असते. नसेल तर विचारा. उदाहरणासाठी मी आकडे धरतो. ते कुणा कंपनीचे नाहीत. स्थिर पगार 75,000 रुपये, भत्ता तासाला 1,200. भरतीच्या वेळी 70 तास धरून 1,59,000 सांगितले जातात. हमी मात्र 40 तासांची असेल, तर ज्या पगाराची खात्री आहे तो 1,23,000. कर आणि भविष्यनिर्वाह निधी त्यातून वजा व्हायचा आहे. घरचे अंदाजपत्रक या दुसऱ्या आकड्यावरच बांधा. कोकणात पावसाळ्याचे ढग खाली उतरतात, उत्तरेत धुके पडते, दोन-चार विमानांच्या ताफ्यातले एक सुट्या भागाची वाट पाहत उभे राहते, आणि तास घटतात. कोविडच्या काळात अनेक कंपन्यांनी हमीचे तासच कमी केले होते. म्हणून हमी बदलण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे का, ते वाक्यही शोधा.

यानंतर तारखा मांडा. रुजू झाल्याच्या दिवसापासून पूर्ण पगार सुरू होत नाही. ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, स्किल टेस्ट, विमानावरची लँडिंग, परवान्यावर डीजीसीएची नोंद, मग प्रशिक्षक कॅप्टनसोबत प्रवासी उड्डाणे आणि शेवटी लाइन रिलीज, अशी ही रांग आहे. सिम्युलेटरचा स्लॉट परदेशात असेल, एटीआरचे केंद्र सिंगापूरलाही आहे, तर व्हिसाची भर पडते. प्रशिक्षक कमी असतील तर नवी मुले रिलीजसाठी ताटकळतात. या काळात बहुधा फक्त स्टायपेंड मिळतो, कधी तोही नाही.

तो खड्डा आधीच मोजा. 50 लाखांचे कर्ज, 10 टक्के व्याज आणि 10 वर्षांची मुदत धरली, तर हप्ता येतो सुमारे 66,075 रुपये. बेसच्या, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते त्या, शहरात खोली आणि जेवणाला 25,000 आणि स्टायपेंड 30,000 धरा. दरमहा तूट 61,075. रिलीजला आठ महिने लागले, तर 4,88,600 रुपये दुसरीकडून उभे करावे लागतात. हा आकडा आई-वडिलांना रुजू होण्याआधी दाखवा, आणि बँकेकडे जाऊन हप्त्याची सवलत रिलीजच्या तारखेपर्यंत वाढवून मागा. ऑफर लेटरची प्रत सोबत न्या. नोकरी लागल्याचा पुरावा असला की शाखेतली चर्चा सोपी जाते. उशीर कंपनीच्या बाजूने झाला, तर ठरावीक महिन्यांनंतर स्टायपेंड वाढतो का, हाही प्रश्न एचआरला विचारण्यासारखा आहे.

बेस कोणता, हे विचारताना मुले संकोचतात. "कुठेही जाईन" म्हणतात. पण घर नाशिकला, बेस हैदराबादला आणि ड्यूटी पहाटे पाचची, अशा स्थितीत पायलट रात्रीचा प्रवास करून थेट कॉकपिटमध्ये पोहोचू लागतो. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे क्यू400 हे टर्बोप्रॉप विमान कोसळले. त्यात विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक असे 50 जीव गेले. तपासात मुख्य कारण ठरले ते स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या, इशाऱ्यावर कॅप्टनने दिलेली चुकीची प्रतिक्रिया. थकव्याचा नेमका वाटा तपास यंत्रणेला ठरवता आला नाही. पण त्याच तपासातून एक गोष्ट जगापुढे आली : तुटपुंज्या पगारावरची तरुण फर्स्ट ऑफिसर देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्यूटीवर आली होती, आणि तिने विश्रांती घेतली होती ती क्रू रूममध्ये. पगार आणि सुरक्षितता यांचा संबंध नाही असे कुणी म्हणाले, तर मला हा अपघात आठवतो. बेसजवळ खोली परवडेल एवढा पगार ही चैन नाही. लेओव्हरचे हॉटेल, दैनिक भत्ता, पहाटेची गाडी आणि बेस बदलल्यास स्थलांतराचा खर्च कोण देणार, हे लिहून घ्या. भारतातल्या नव्या ड्यूटी नियमांत साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली आहे, आणि वर्षाला 1,000 उड्डाण तासांची मर्यादा आहे. रोस्टर हाती आले की स्वतः ताडून पाहायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा.

आता बॉण्ड. प्रशिक्षणाचा खर्च कंपनीने केला असेल, तर ठरावीक वर्षे नोकरी मागणे अन्यायाचे नाही. मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा आणि 2 लाखांच्या भरपाईची अट वैध ठरवली. त्यामुळे "बॉण्ड कोर्टात टिकत नाही" या हॉस्टेलातल्या समजुतीवर सही करू नका. दुसरीकडे, भारतीय करार कायद्याचे कलम 74 वाजवी भरपाईच मान्य करते, कागदावर लिहिलेला कोणताही आकडा नव्हे. म्हणून खर्चाचा तपशील मागा.

बॉण्ड वाचताना घड्याळ कधी सुरू होते ते आधी पाहा. सहीपासून की रिलीजपासून, यात वर्षाचा फरक पडू शकतो. रक्कम दरमहा कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते? पायलट मेडिकलमध्ये नापास झाला, कंपनीने बेस बंद केला, पगार दोन महिने थकला, तर बॉण्ड माफ होतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मसुद्यांत नसतेच, तरी तो विचाराच. वडिलांना जामीनदार म्हणून घेतले असेल, तर त्यांनी स्वतंत्रपणे वकिलाला कागद दाखवावा. कोरे चेक देऊ नयेत. मूळ गुणपत्रिका आणि मूळ परवाना ठेवून घेण्याची अट असेल, तर मी सही करणार नाही.

बॉण्ड संपला तरी लगेच सुटका नाही. डीजीसीएच्या 2017च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते. कंपनीने ना-हरकत दिली तरच ती लवकर संपते. या नियमाला न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. मोठ्या कंपनीतून बोलावणे आले, तर हे सहा महिने हिशेबात धरूनच रुजू होण्याची तारीख सांगा.

कंपनीची तब्येत तपासणे हेही पगाराच्याच हिशेबात येते. छोटी शहरे विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत तोटा भरून काढण्यासाठीचे अनुदान एखाद्या मार्गाला साधारण तीन वर्षे मिळते, नंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते. सगळेच राहत नाहीत. नांदेड, कोल्हापूर आणि जळगावच्या प्रवाशांनी ट्रूजेट पाहिली, ती फेब्रुवारी 2022मध्ये थांबली. मोठ्या कंपन्याही सुटल्या नाहीत. एप्रिल 2019मध्ये जेट एअरवेज बंद पडली, आणि नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला, तोवर कर्मचारी थकबाकीची वाट पाहत होते. तेव्हा तुम्ही रुजू होणार त्या कंपनीत आधीपासून उडणाऱ्या दोघा-तिघांना गाठा. पगार कोणत्या तारखेला येतो, भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात दरमहा जमा दिसते का, आणि किती विमाने प्रत्यक्ष उडतात, एवढे विचारा. वरिष्ठ सहसा खरे सांगतात.

एवढे पाहून आकडा मोठ्या कंपनीपेक्षा कमी निघाला, तरी ऑफर टाकाऊ ठरत नाही. एटीआरवर दिवसाला चार-चार लँडिंग मिळतात, छोट्या धावपट्ट्या आणि आडवा वारा अंगवळणी पडतो. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला 1,500 तास लागतात. 200 तासांवर रुजू झालेला पायलट वर्षाला 600 तास उडाला, तर सव्वादोन वर्षांत तेवढे तास भरतात. परीक्षा त्याच काळात देऊन ठेवल्या, तर डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटचा विचार लवकर करता येतो. म्हणून शेवटचा प्रश्न हा ठेवा : गेल्या दोन वर्षांत किती फर्स्ट ऑफिसर कॅप्टन झाले, आणि किती तासांवर? एचआरला उत्तर देता आले नाही, तर चीफ पायलटच्या कार्यालयाला ई-मेल करा.

सगळे प्रश्न एकाच ई-मेलमध्ये, क्रमांक घालून, नम्र भाषेत पाठवा. फोनवर मिळालेली उत्तरे "आपल्या बोलण्यानुसार" असे लिहून परत पाठवा, म्हणजे नोंद राहते. सहीच्या दिवशी प्रत्येक पानाचा फोटो घ्या, बॉण्डची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या, आणि लायसन्स गेल्यास भरपाई देणारा विमा कंपनी कोणत्या तारखेपासून उतरवते ते विचारा. रिलीजनंतरची तारीख सांगितली, तर मधल्या महिन्यांसाठी तो स्वतः उतरवा.