टेस्ला कॉइलचा सूर कसा जुळवावा?

ठाणे, डोंबिवली, कल्याण या भागात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी लोकलच्या टपावर, पँटोग्राफ आणि तार यांच्यामध्ये निळसर ठिणगी चमकलेली पाहिली असेल. रेल्वेमार्गालगतच्या घरात मध्यम लहरींचा रेडिओ चालू असेल, तर अशा वेळी तो खरखरतो. ठिणगीतून प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही बाहेर पडतात, हे यावरून कळते. ठिणगीमुळे उठणारी विजेची आंदोलने नेमक्या कंप्रतेची करून त्यांतून प्रचंड विद्युत्‌दाब मिळवण्याची युक्ती निकोला टेस्ला यांनी 1891 साली वापरली. तिचेच नाव टेस्ला कॉइल.

विज्ञान प्रदर्शनासाठी अशी कॉइल बांधणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते : "सगळे नकाशाप्रमाणे जोडले, पण ठिणगी जेमतेम बोटभरच निघते!" मग मोठा रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणून दाब वाढवण्याचा मोह होतो. हा मार्ग चुकीचा आहे आणि जिवावर बेतणाराही आहे. उणीव बहुधा दाबाची नसते, सुराची असते.

आधी रचना पाहू. रोहित्र धारित्राला, म्हणजे कंडेन्सरला, भारित करतो. दाब पुरेसा वाढला की ठिणगी-फटीत ठिणगी पडते आणि धारित्र जाड तारेच्या थोड्या वेढ्यांच्या प्राथमिक कॉइलमधून रिकामे होते. ते एका दमात रिकामे होत नाही. वीज लंबकासारखी पुढेमागे झोके घेते. शेजारच्या, बारीक तारेच्या शेकडो वेढ्यांच्या द्वितीयक कॉइललाही स्वतःची कंप्रता असते. दोन्ही कंप्रता जुळल्या तरच ऊर्जा पुरेपूर पलीकडे जाते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. सतारीची मुख्य तार छेडली की तिच्या सुरात लावलेली तरफेची तार आपोआप झंकारते, तसेच हे आहे.

हे घरी पाहता येईल. दोन खुर्च्यांना एक दोरी थोडी सैल बांधा. तिच्यावर वीतभर अंतराने 40 सेंटिमीटर लांबीचे दोन दोरे बांधून प्रत्येकाला सारखाच नट लटकवा. एका लंबकाला दोरीच्या काटकोनात झोका द्या. थोड्या वेळाने तो थांबेल आणि दुसरा जोरात झुलू लागेल. मग ऊर्जा परत पहिल्याकडे येईल. आता दुसऱ्याचा दोरा 30 सेंटिमीटर करा. तो थोडासाच हलेल. पहिल्याला कितीही जोराचा झोका दिला, तरी आपली बहुतेक ऊर्जा तो स्वतःजवळच ठेवील!

आता आकडे पाहू. 7.5 सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळीवर 40 सेंटिमीटर लांबीत एनॅमल तारेचे 900 वेढे घेतले, तर प्रवर्तकता सुमारे 10,300 मायक्रोहेन्री येते. कॉइलची स्वतःची धारकता सुमारे 6 पिकोफॅरड आणि माथ्यावरच्या 20 सेंटिमीटर व्यासाच्या धातूच्या गोळ्याची सुमारे 10, मिळून 16. यावरून कंप्रता सुमारे 390 किलोहर्ट्झ निघते.

सूर जुळण्याची अट सोपी आहे : प्रवर्तकता आणि धारकता यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा हवा. द्वितीयक बाजूचा गुणाकार 10,300 × 16 = 1,64,800. प्राथमिक धारित्र 10,000 पिकोफॅरडचे असेल, तर प्राथमिक प्रवर्तकता सुमारे 16.5 मायक्रोहेन्री हवी. म्हणून प्राथमिक कॉइलला दोन-तीन वेढे जास्तच घेतात आणि जोडणीचा चिमटा सरकवून योग्य जागा शोधतात. चिमटा एका वेळी पाव वेढाच सरकवावा आणि दर वेळी ठिणगीची लांबी वहीत नोंदवावी. सर्वोत्तम जागा गणितापेक्षा किंचित बाहेरच्या बाजूला सापडते, कारण माथ्यावरून निघणाऱ्या ठिणग्या स्वतःच धारकता वाढवतात.

माथ्यावरचा गोळा काढला तर कंप्रता सुमारे 640 किलोहर्ट्झवर जाते आणि सगळा मेळ बिघडतो. म्हणून गोळा आधी निश्चित करा, सूर नंतर जुळवा.

आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. लंबकांच्या प्रयोगात पहिला थांबताक्षणी त्याला धरून ठेवा. ऊर्जा दुसऱ्याकडेच राहील. ठिणगी-फटीचे कामही हेच. ऊर्जा पलीकडे गेली की फटीतली ठिणगी विझायला हवी. म्हणून एका मोठ्या फटीऐवजी तांब्याच्या नळ्यांमध्ये अनेक छोट्या फटी ठेवतात आणि पंख्याने वारा घालतात. दोन्ही कॉइल फार जवळ आणल्या तर द्वितीयक कॉइलच्या अंगावरच ठिणग्या पडतात. तेव्हा प्राथमिक कॉइल थोडी खाली घ्यावी. शिवाय खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत पुठ्ठ्याची नळी ओल धरते आणि वीज झिरपते. पीव्हीसी नळी वापरून कॉइलला वार्निशचे दोन-तीन हात देणे बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. "उच्च कंप्रतेच्या विजेचा झटका बसत नाही" या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका. रोहित्र आणि धारित्र यांना झालेला एक स्पर्शही प्राणघातक ठरू शकतो, आणि वीज बंद केल्यावरही धारित्र भारित राहू शकते. म्हणून कॉइलचे काम विजेची माहिती असलेल्या शिक्षकांनीच करावे. चिमटा सरकवण्यापूर्वी प्लग काढून, विद्युत्‌रोधक मूठ असलेल्या धातूच्या दांड्याने धारित्राची टोके जोडून ते रिकामे करावे. तुम्ही अंतरावरून नोंदी घ्या. कॉइल थोडाच वेळ चालवावी, नाहीतर शेजाऱ्यांचे रेडिओ खरखरतील. हृदयाचा पेसमेकर बसवलेल्या माणसाने जवळ थांबू नये.

गणित आणि लंबक मात्र तुमचेच! एक प्रश्न सोडवून पाहा : वरच्या उदाहरणात धारित्र 10,000 ऐवजी 20,000 पिकोफॅरडचे घेतले, तर प्राथमिक प्रवर्तकता किती हवी? आणि चिमटा आत सरकवावा लागेल की बाहेर? उत्तर आपल्या शिक्षकांना दाखवा.